"साहेब मीटिंगमध्ये आहेत": सेल्स कॉल रिसेप्शनवरच अडकत असतील तर काय काय तपासावं

आधी लक्षणं. यातली दोन-तीन तुमच्याकडे रोजची झाली असतील तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

- रिंग पूर्ण वाजते, कोणी उचलत नाही. किंवा उचलतात आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत ठेवतात.
- "अशा नावाचं इथे कोणी नाही."
- "कशासंदर्भात?" इथपर्यंत सगळं ठीक. तुम्ही सांगता आणि लगेच "माहिती मेल करा" येतं. मेल जातो कंपनीच्या सार्वजनिक पत्त्यावर, तिथून उत्तर कधीच येत नाही.
- सकाळी करा, दुपारी करा, साहेब मीटिंगमध्येच.
- पहिल्या फोनला सौजन्य, तिसऱ्या फोनला तुटक उत्तर.
- "निरोप दिलाय" असं सांगतात, आतून फोन येत नाही.
- एकाच यादीवर, एकाच नंबरवरून टीममधल्या एका माणसाला फोन जोडून मिळतो, बाकीच्यांना नाही.

शेवटचं लक्षण निदानाला सगळ्यात उपयोगी. एकाला जमतंय आणि इतरांना नाही, म्हणजे बिघाड बोलण्यात आहे. सरळ तपासणी ४ वर या. कोणालाच जमत नसेल तर नंबर, यादी किंवा खुद्द प्रस्तावच संशयित, आणि मग पहिल्यापासून क्रमाने जावं लागेल.

मी सेल्स टीमची रेकॉर्डिंग्ज ऐकते आणि फोन नेमका कुठे तुटतो ते शोधते. जिथे जाईन तिथे रिसेप्शनिस्टबद्दल तक्रार असते: खडूस आहे, मुद्दाम करते, काही ऐकूनच घेत नाही. रेकॉर्डिंग लावलं की बहुतेक वेळा दिसतं ते असं, की समोरच्या माणसाने आपलं काम चोख केलंय. नको ते फोन आत जाऊ द्यायचे नाहीत, हेच ते काम. त्यामुळे खालच्या सगळ्या तपासण्या आपल्या बाजूच्या आहेत. फुकट होणाऱ्या आधी घेतल्या आहेत, वेळ आणि कष्ट मागणाऱ्या नंतर.

१. नंबर

ज्या नंबरवरून टीमचे कॉल जातात त्याच नंबरवरून ओळखीच्या चार-पाच जणांना फोन लावा. सगळे एकाच नेटवर्कवरचे नकोत. स्क्रीनवर काय दिसलं ते विचारा. ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये पुरेशा लोकांनी स्पॅम म्हणून नोंदवलेला नंबर लाल होऊन येतो, आणि मग तुमचं पहिलं वाक्य कितीही घोटून बसवलेलं असो, ते ऐकलं जाण्याआधीच निकाल लागलेला असतो. यावर लोकांचा आवडता इलाज म्हणजे दर आठवड्याला नवा नंबर घेणं. तो करू नका. नव्या नंबरवरून एकदम शेकडो फोन सुटले की तोही तसाच बदनाम होतो. शिवाय ओळख वाढवायची असेल तर समोरच्याला तोच नंबर पुन्हा दिसायला हवा.

याच तपासणीत दुसरी गोष्ट बघा. फोन उचलणाऱ्याने "हॅलो" म्हटल्यावर आपल्याकडून आवाज यायला किती वेळ लागतो? प्रेडिक्टिव्ह डायलर एका वेळी अनेक नंबर फिरवतो आणि कोणी उचललं की मोकळा एजंट शोधतो. त्या शोधाशोधीत जी शांतता पसरते ती रोज शंभर फोन घेणारा ऑपरेटर लगेच ओळखतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ग्राहकांना केल्या जाणाऱ्या कॉलसाठी मर्यादा घातली आहे: ग्राहकाचं अभिवादन संपल्यापासून २ सेकंदांत माणूस बोलला नाही, तर तो कॉल वाऱ्यावर सोडलेला धरला जातो. कंपन्यांना फोन करताना तर मी म्हणेन डायलरचा तो प्रकार बंदच ठेवा. हाताने नंबर लावा. दिवसाचे कॉल कमी होतील, पण ऐकले जातील.

२. यादी

"साहेबांना द्या" म्हणणारा माणूस साहेबांचं नाव सांगू शकत नसेल तर फोन पुढे जायचं काही कारण नाही. फोन लावण्याआधी तीन गोष्टी ताज्या करून घ्या: ती व्यक्ती अजून त्या कंपनीत आहे का, हुद्दा तोच आहे का, नावाचा उच्चार काय. पहिल्या दोन कंपनीच्या संकेतस्थळावर आणि लिंक्डइनवर बहुतेक वेळा मिळतात. तिसरी मिळत नसेल तर ऑपरेटरलाच विचारा: "नावाचा उच्चार बरोबर केला ना मी?" हा प्रश्न कोणाला खटकत नाही. उलट समोरच्याला कळतं, की याला चुकीचं बोलायचं नाहीये.

नाव अजिबात मिळालं नाही तर नाव माहीत असल्याचा आव आणू नका. "गोदामाची देखभाल तुमच्याकडे कोण बघतं?" असं कामावरून विचारा. याचं उत्तर देणं सोपं असतं. "निर्णय कोण घेतं?" या प्रश्नाने मात्र लोक सावध होतात.

३. वेळ

यावर लांबलचक तक्ते फिरत असतात; त्यांच्यावर माझा फार विश्वास नाही. प्रत्येक ऑफिसची गर्दी वेगळी. एवढं खरं, की कामाचा दिवस सुरू होतानाची पहिली घटका रिसेप्शनवर सगळ्यात वाईट: माणसं येतायत, कुरिअर येतंय, चार लाइन एकदम वाजतायत. तेव्हाचा "नंतर करा" हा नकार नसतो, तो शब्दशः घ्या. आणि विचारा: "तुम्हाला कुठल्या वेळी जरा निवांत असतं?" साहेबांची वेळ सगळेच विचारतात, त्यांची कोणी विचारत नाही.

ऑफिस सुटल्यावर फोन केला की साहेब स्वतः उचलतात, ही युक्ती अधूनमधून चालते. वापरायला हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुमचं बोलणं पीएला कळतंच. त्यामुळे पुढच्या फोनला आपणहून सांगा: "काल संध्याकाळी थेट साहेबांशी बोलणं झालं, पुढची वेळ तुमच्याकडून घ्यायला सांगितलंय." हे लपवलंत तर आडून आत शिरल्यासारखं होतं, आणि पुढच्या सगळ्या भेटींची वेळ त्याच पीएच्या हातात असते.

४. पहिली पंधरा सेकंद

बहुतेक बिघाड इथे सापडतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

फोन उचलणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: कोण, कुठून, कशासाठी. ते प्रश्न त्यांनी विचारायच्या आत तीनही उत्तरं आलेली असावीत. "कसे आहात तुम्ही? दिवस कसा चाललाय?" हे अनोळखी माणसाने विचारलं की पुढे विक्री येणार हे ठरलेलंच. असं बोलून बघा:

"नमस्कार, मी अमुक, तमुक कंपनीतून बोलतोय. तुमच्या कंपनीने नवं गोदाम सुरू होत असल्याचं जाहीर केलंय. तिथल्या फोर्कलिफ्टच्या देखभालीबद्दल ऑपरेशन्सच्या प्रमुखांशी बोलायचं होतं. हा विक्रीचाच फोन आहे, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांच्याकडे कसं पोचता येईल, सांगाल का?"

"विक्रीचाच फोन आहे" या वाक्यावर टीममध्ये नेहमी वाद होतो. मी ते ठेवते. समोरच्याला ते आधीच कळलेलं असतं. आपण म्हणालो की संशयाला जागा राहत नाही.

आता परीक्षा. हे बोलणं शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी एकदाच ऐकवा आणि त्यांना ते तिसऱ्या माणसाला सांगायला लावा. "गोदामाच्या फोर्कलिफ्टबद्दल कोणीतरी विचारतंय" एवढं जरी पोचलं तरी पास. "कोणीतरी सेल्सवाला होता" असं पोचलं तर नापास. हे महत्त्वाचं का, तर रिसेप्शनवरच्या माणसाला नेमकं हेच करायचं असतं: लाइन होल्डवर ठेवून आत एका वाक्यात सांगायचं. तुमचं कारण एका दमात सांगता येण्याजोगं नसेल, तर आत त्यांचीच पंचाईत होते. ती टाळायचा सोपा मार्ग म्हणजे "मेल करा".

कारणाबद्दल आणखी थोडं. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉपी मशीनपाशी केलेला प्रयोग सेल्सच्या वर्गांत हमखास सांगतात, पण अर्धाच. सांगतात ते एवढं, की कोणतंही कारण दिलं तरी लोक ऐकतात. ५ पानांच्या कॉपीसाठी आपल्या आधी सोडा, अशी छोटी विनंती होती तेव्हा खरंच तसं झालं: कारण न देता ६० टक्के लोक तयार झाले, आणि "मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून" इतकं पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्के. उरलेला अर्धा भाग मात्र आपल्या कामाचा आहे. पानं २० झाल्यावर पोकळ कारणाचा उपयोग शून्य झाला. कारण नसताना २४ टक्के, पोकळ कारणालाही २४ टक्केच. खरं कारण दिलं तेव्हा आकडा ४२ वर गेला. साहेबांच्या दिवसातली पाच मिनिटं मागणं ही २० पानांची विनंती आहे. "एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं होतं" हे तिथे चालणारं कारण नाही.

आणि खोटं बोलणं बंद. "पर्सनल आहे", "ते ओळखतात मला", "त्यांचाच मिस्ड कॉल होता", "आमचं बोलणं झालंय आधी". ही वाक्यं आजही शिकवली जातात. एकदा चालतात, हे मान्य. फोन आत जातो, साहेब विचारतात "हे कोण?", आणि तुमच्यावर विश्वास ठेवणारा माणूस बोलणी खातो. त्यानंतर त्या कंपनीत फक्त तुमचंच नाही, तुमच्या कंपनीचं नाव लक्षात राहतं. "कशासंदर्भात?" या प्रश्नाला "ते मी त्यांनाच सांगेन" हे उत्तरही याच जातीचं. त्यात खोटं काही नाही, पण "तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही" एवढं त्यातून नीट ऐकू जातं.

५. फोनवर नक्की कोण आहे?

"गेटकीपर" या एका नावाखाली आपण चार वेगळ्या माणसांना कोंबतो, आणि चौघांशी एकच स्क्रिप्ट बोलतो.

स्विचबोर्डच्या ऑपरेटरकडे तुमच्यासाठी काही सेकंद असतात. त्यांना नाव आणि विभाग हवा, माहितीपत्रक नको. रिसेप्शनिस्टच्या समोर बहुधा कोणीतरी उभं असतं, मागे आवाज येत असेल तर स्वतःच म्हणा, "तुमच्यासमोर कोणी असेल तर मी दहा मिनिटांनी करतो." तिसरा माणूस म्हणजे त्याच विभागातला एखादा सहकारी, ज्याने शेजारचा वाजणारा फोन उचललाय. त्याला अडवण्यात रस नसतो. पण आपलं सामान प्रत्यक्ष वापरणारा तोच असू शकतो, म्हणून त्याला कामाबद्दल दोन प्रश्न विचारायला विसरू नका.

चौथा माणूस पीए किंवा एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. इथे सगळं बदलतं. १९७२ साली फ्रेडरिक वेबस्टर आणि योरम विंड या अभ्यासकांनी कंपन्यांची खरेदी कशी होते याची मांडणी केली. त्यात वापरणारा, प्रभाव टाकणारा, विकत घेणारा आणि निर्णय घेणारा यांच्या जोडीला माहितीची वाट राखणाऱ्यालाही त्यांनी खरेदीच्या गटात बसवलं. म्हणजे तो दाराबाहेरचा पहारेकरी नाही, गटातलाच एक आहे. पीएच्या बाबतीत हे रोज दिसतं. साहेबांचं कॅलेंडर त्यांच्या हातात असतं. सध्या कुठल्या विषयाला जागा आहे आणि कुठल्या नाही, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून पीएला पूर्ण विषय सांगा, जवळपास साहेबांना सांगाल तितकाच, आणि सल्ला मागा: "हा विषय सध्या त्यांच्यासमोर नेण्यासारखा आहे, की पुढच्या तिमाहीत बोलू?" "पुढच्या तिमाहीत" असं उत्तर आलं तर तो विजय समजा आणि तोपर्यंत शांत राहा.

अलीकडे पाचवाही आलाय: यंत्र. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर कॉल स्क्रीनिंग आणलं, ॲपलने २०२५ मध्ये आयओएस २६ मध्ये. फोन नाव आणि कारण विचारतो आणि उत्तर मालकाला स्क्रीनवर लिहून दाखवतो. इथे बरेच जण कॉल तोडतात. तोडू नका. नाव, कंपनी, कारण, एवढं एका वाक्यात, स्पष्ट उच्चारात सांगा आणि थांबा.

६. नोंदी

तिसऱ्या फोनला येणाऱ्या तुटकपणाचं मूळ बहुतेकदा इथे असतं. आपल्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, साहेबांचं नाव, हुद्दा, नंबर असं सगळं असतं. ज्या व्यक्तीशी प्रत्यक्ष तीनदा बोललो तिच्यासाठी रकानाच नसतो. मग तिसऱ्यांदा फोन करणारा पुन्हा "मी अमुक बोलतोय, आपण कोण?" पासून सुरुवात करतो. किंवा टीममधले दोघे एकाच दिवशी त्याच ऑफिसला फोन करतात. समोरच्याला आपण लक्षात आहोत आणि आपल्याला ते नाहीत, याचा राग येणारच.

रकाना वाढवा. त्यात नाव, काय सांगितलं होतं, आपण काय कबूल केलं होतं, कधी. बस. त्यांचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, नवरा-बायकोतली कुरकुर हे लिहून ठेवून पुढच्या फोनला "आता तब्येत कशी आहे?" विचारायची पद्धत मला पटत नाही. बोलता बोलता सांगितलेलं अनोळखी कंपनीच्या फायलीत गेलंय हे कळलं की माणूस दचकतो. शिवाय युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरसारख्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांखाली माणसाला स्वतःबद्दलच्या नोंदी मागून बघता येतात. ती व्यक्ती वाचेल असं धरूनच लिहा.

७. आवाज कुठे बदलतो

इथून पुढे मेहनत आहे. तुमच्याकडे रेकॉर्डिंगची कायदेशीर परवानगी असेल तर जोडून मिळालेले काही कॉल घ्या आणि फक्त दोन जागा ऐका: ऑपरेटरशी बोलतानाचा आवाज आणि साहेब लाइनवर आल्यानंतरचा. दुसऱ्या जागी आवाज अचानक गोड, सावध, अदबशीर झाला असेल तर पहिल्या जागी तो तसा नव्हता, हे उघडच झालं. बोलणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही. रेकॉर्डिंग ऐकताना मात्र तोच आधी चुळबुळ करायला लागतो. अनेक साहेब फोन ठेवल्यावर पीएला विचारतात, "तुमच्याशी कसा बोलला तो?"

यावर औषध स्क्रिप्टमध्ये नाही. आठवडाभर रोज दोन कॉल एकमेकांचे ऐका, एवढाच उपाय मला लागू पडताना दिसलाय. तोंडदेखली स्तुतीही याच वेळी काढून टाका. "तुमचा आवाज किती छान आहे, मॅडम" हे वाक्य कोणत्याही स्क्रिप्टमध्ये दिसलं तर खोडा.

८. निरोप आत जाण्याजोगा आहे का?

"निरोप दिलाय" हे बहुधा खरंच असतं. फक्त निरोप असा असतो: "त्या अमुक कंपनीतून फोन होता." त्याचं साहेबांनी करायचं काय?

पीए किंवा रिसेप्शनिस्टने मेल करायला सांगितलं तर त्यांच्याच नावाने मेल लिहा, साहेबांच्या नव्हे. वर एक ओळ त्यांच्यासाठी, खाली तीन-चार ओळी जशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा: विषय काय, आत्ताच का, आपल्याला काय हवंय, "हो" किंवा "नाही" कसं कळवायचं. "नाही" कळवायची सोय ठेवाच. ती असली की पुढे पाठवणाऱ्यावर ओझं राहत नाही. बारा पानांची पीडीएफ जोडलीत तर तो मेल तिथेच थांबतो.

मग दिलेल्या वेळेला फोन करा. गुरुवारी साडेतीन म्हणालात तर गुरुवारी साडेतीन. जमणार नसेल तर आधी कळवा. आणि भेट ठरली, झाली, अगदी नकार मिळाला, तरी ज्यांनी वाट करून दिली त्यांना एक ओळ लिहा. संबंध म्हणून जे काही तयार होतं ते बरंचसं याच बिनचटपटीत कामातून. भेटवस्तू पाठवू नका. अनेक कंपन्यांत त्या घेण्यावर बंधनं असतात आणि घेणारा उगाच अडचणीत येतो.

९. प्रस्ताव

सगळ्यात अवघड, कारण हे सेल्सच्या टेबलावर सुटत नाही. वरचं सगळं नीट असूनही उत्तर "आम्हाला याची गरज नाही" असंच येत असेल, आणि वेगवेगळ्या कंपन्यांतून येत असेल, तर ते फोन अडवत नाहीयेत, माहिती देतायत. ती लिहून काढा आणि यादी कोणी व कशावरून बनवली हे विचारा. चुकीच्या कंपन्यांना फोन करण्याची सवय गोड बोलून सुधारत नाही.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

"पुन्हा फोन करू नका" असं स्पष्ट म्हटलं की थांबा. त्याच दिवशी तो नंबर सगळ्या टीमच्या यादीतून काढा, नुसता तुमच्या नाही. "सध्या नको" हे वेगळं. तिथे कधी करू ते विचारून तारीख टाका. पण रिसेप्शनने नाही म्हटलं म्हणून त्याच कंपनीत लेखा विभाग, मग भांडार, मग सुरक्षा असे फोन फिरवणं म्हणजे थांबणं नव्हे.

ॲपकडे आणि दूरसंचार कंपनीकडे तक्रार करूनही नंबरवरचा स्पॅमचा शिक्का जात नसेल, तर ते फोन यंत्रणा बसवणाऱ्या तंत्रज्ञाचं काम आहे. त्यावर स्क्रिप्ट बदलत बसू नका.

कॉल रेकॉर्ड करायला कोणाची संमती लागते, "कॉल नको" नोंदवलेल्या नंबरांची यादी आपल्याला लागू आहे का, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. अंदाजाने चालू नका, वकिलाला विचारा. एखाद्या कंपनीकडून लेखी तक्रार आली असेल तर समजूत घालायला तुम्ही स्वतः फोन करू नका. कागद वरिष्ठांकडे आणि वकिलाकडे द्या, आणि त्या नंबरवरचे सगळ्यांचे कॉल बंद ठेवा.

पहिल्या आठ तपासण्या करूनही महिनाभरात काही हललं नाही, तर बाहेरचा सेल्स प्रशिक्षक बोलवा. त्याच्यासमोर चांगले-वाईट मिळून वीसेक कॉल, सध्याची यादी आणि सीआरएममधल्या नोंदी ठेवा. जो यातलं काहीच न ऐकता-वाचता बॅगेतून तयार स्क्रिप्ट काढेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.